सूतगिरणीची कप्तान : कुमारी मासाए कासाई

कापूस आणि चेंडू ह्या दोन वस्तूंचा परस्परांशीं संबंध काय, असें कोणी विचारील तर त्याचें उत्तर इ. स. १८९३ पासून द्यावें लागेल. त्या वर्षीं जमशेटजी टाटा आणि जपानची निप्पॉन यूसेन काइशा ही जहाजकंपनी ह्यांनीं मिळून मुंबई ते कोबे अशी बोटींची नियमित वाहतूक सुरू केली. आपल्या देशाच्या काळ्या भुईंत पिकलेला कापूस त्या बोटींतून कोबे बंदरास उतरे, आणि तेथून ओसाका शहराभोंवतालच्या सूतगिरण्यांत जाई. ह्या गिरण्या पुढें इतक्या वाढल्या कीं ओसाकाला पूर्वेकडील मँचेस्टर म्हणूं लागले. त्यांपैकींच एका गिरणीच्या आवारांत, पहिली बोट कोबेस लागल्यावर सुमारें साठ वर्षांनीं, स्त्रियांचा असा एक व्हॉलीबॉल-संघ उभा राहिला कीं जगांतील एकाही राष्ट्राला त्याच्यापुढें टिकाव धरतां येईना. त्या संघाची कप्तान कुमारी मासाए कासाई हिचें चरित्र प्रस्तुत लेखांत सांगावयाचें योजिलें आहे.

पिंपरी-चिंचवडच्या वाचकांस हें चरित्र अगदींच परकें वाटूं नये. आपलें नगर कारखान्यांच्या भोंग्यांवर वाढलें. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें. आणि पुढील दहा-वीस वर्षांत भोसरी, आकुर्डी, चिंचवड येथील जोंधळ्याच्या शेतांवर यंत्रांचा खडखडाट सुरू झाला. कामगार आले, वसाहती उठल्या, आणि वसाहतींतील मोकळ्या जागेंत दोन खांब रोवून मध्यें जाळी ताणली गेली. व्हॉलीबॉलला ह्याहून अधिक सामग्री लागत नाहीं. मात्र त्या जाळीच्या दोन्ही अंगांना बहुधा पुरुषच उभे असत. स्त्री दिसलीच तर ती कडेला, कडेवर मूल घेऊन, खेळ संपण्याची वाट पाहात उभी असे. जपानी गिरण्यांत हें चित्र नेमकें उलट होतें. तें तसें कां झालें हें पाहिल्यावांचून कासाईचें मोठेपण ध्यानांत यावयाचें नाहीं, म्हणून थोडें मागें जाणें अवश्य आहे.

जपानांतील सूत व रेशीम ह्यांचा सारा धंदा शेतकऱ्यांच्या मुलींच्या बोटांवर उभारला गेला. गिरणीचा दलाल खेड्यांत जाई, बापाच्या हातीं उचल ठेवी, आणि ती उचल फिटेपर्यंत मुलगी गिरणीची होई. तिनें राहावयाचें गिरणीच्या वसतिगृहांत. बाहेर जावयाचें तें परवानगीनें. कामाचे तास बारा, तेरा, चौदा. अनेकींना क्षय जडे व त्या मरावयास गांवीं परत येत. वाकिझो होसोइ ह्या कामगार लेखकानें १९२५ सालीं गिरणीकन्यांच्या ह्या हालांवर एक ग्रंथ लिहिला. तो जपानांत आजही वाचला जातो. ह्या मुली मुक्यानें सारें सोशीत होत्या अशी मात्र कोणी समजूत करून घेऊं नये. १८८६ सालीं यामानाशी प्रांतांतील कोफु शहरीं अमेमिया नांवाच्या रेशीम-गिरणींत मालकांनीं तास वाढविले व मजुरी घटविली, तेव्हां तेथील मुली काम टाकून एका देवळांत जाऊन बसल्या आणि मालकांना माघार घ्यावी लागली. जपानांतील कारखान्यांच्या इतिहासांत हा पहिला संप म्हणून नोंदला आहे, आणि तो स्त्रियांनीं केला. यामानाशी प्रांताचें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें, कारण आपली नायिका तेथलीच.

१९२९ सालीं स्त्रियांची रात्रपाळी जपानांत कायद्यानें बंद झाली. तेव्हांपासून, आणि त्याच्या थोडें आधींही, गिरणीमालकांना असें वाटूं लागलें कीं मुलींना कांहीं करमणूक दिली तर त्या टिकतील, आजारी कमी पडतील आणि पळून जाणार नाहींत. ह्या हिशेबांत व्हॉलीबॉल फार सोईचा ठरला. एका चेंडूनें अठरा जणी खेळूं शकत, कारण त्या काळीं पूर्वेकडील देशांत नऊ-नऊ जणींचा खेळ चाले. अंगास अंग लागत नसे, त्यामुळें सभ्यतेचा प्रश्न नसे. आवारांतील कोपरा पुरे होई.

खेळ अमेरिकेंतला. १८९५ सालीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील होलिओक गांवीं वाय्. एम्. सी. ए. च्या विल्यम मॉर्गन नांवाच्या व्यायामशिक्षकानें तो काढला. बास्केटबॉलची धांवपळ ज्यांना झेपत नाहीं अशा मध्यमवयीन व्यापारी गृहस्थांसाठीं कांहीं सौम्य खेळ असावा, इतकाच त्याचा हेतु होता. होलिओक हें गांव स्वतः कागदाच्या व कापडाच्या गिरण्यांचें. तेथून हा खेळ वाय्. एम्. सी. ए. च्याच लोकांनीं जगभर नेला. जपानांत तो ह्योझो ओमोरी ह्यानें १९०८ च्या सुमारास व फ्रँक्लिन ब्राउन ह्यानें १९१३ मध्यें रुजविला. आपल्याकडे हॅरी क्रो बक ह्यानें १९२० सालीं मद्रासेस शारीरिक शिक्षणाचें जें महाविद्यालय काढलें, त्यांतून तयार झालेल्या शिक्षकांनीं तो शाळाशाळांतून नेला. सौम्य म्हणून जन्मलेल्या ह्या खेळाचें पुढें जपानी मुलींनीं काय केलें हें मॉर्गनसाहेबांनीं पाहिलें असतें तर ते खचित चकित झाले असते.

मासाए कासाई हिचा जन्म १४ जुलै १९३३ रोजीं यामानाशी प्रांतांत झाला. हा प्रांत डोंगरांनीं वेढलेला. फुजी पर्वत त्याच्या दक्षिण सीमेवर उभा आहे. तिचें बाळपण युद्धांत गेलें. जपान शरण आला तेव्हां ती बारा वर्षांची होती. शाळेंत असतांच तिची उंची डोळ्यांत भरण्यासारखी वाढली. पूर्ण वयांत ती १७४ सेंटिमीटर झाली, आणि त्या काळच्या जपानी स्त्रियांत एवढी उंची म्हणजे चालतां-बोलतां नवलच. लग्नाच्या बाजारांत जी अडचण ठरली असती तीच जाळीपाशीं गुण ठरली. शाळा संपल्यावर दाइ-निप्पॉन बोसेकी ह्या सूतकंपनींत तिला नोकरी लागली. ही कंपनी १९१८ सालीं दोन जुन्या गिरण्यांच्या एकत्रीकरणानें झालेली. तिचें संक्षिप्त नांव निचिबो. पुढें ओसाकाजवळील काइझुका येथील गिरणींत कंपनीनें आपल्या निरनिराळ्या कारखान्यांतील उत्तम खेळाडू एकत्र आणून एक संघ करावयाचें ठरविलें, तेव्हां कासाई तिकडे गेली. हें १९५४ चें सुमार. आतां ती मागावर वा चातीवर नव्हती. कचेरींत लिहिण्याचें काम तिच्याकडे होतें. परंतु राहणें वसतिगृहांत, भोजन गिरणीच्या खानावळींत, आणि दिवस भोंग्यावर, हा क्रम जुन्या गिरणीकन्येचाच.

ह्या संघाला शिकविण्यास कंपनीनें आपल्याच एका नोकराला नेमलें. हिरोबुमि दाइमात्सु हा महाविद्यालयांत व्हॉलीबॉल खेळलेला, ओठ मिटून राहणारा मनुष्य. १९४४ सालीं इंफाळच्या मोहिमेंत तो जपानी सैन्यांत होता. त्या मोहिमेंत उपासानें व रोगानें किती जपानी शिपाई मेले ह्याची कथा भयंकर आहे. आणि आपणांस तिचें स्मरण दुसऱ्याही कारणानें असावें, कारण जपान्यांची चाल थोपवून धरण्यासाठीं त्या मार्चांत सांगशाकच्या टेकडीवर जी लढाई झाली तींत मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण होती. दाइमात्सु वांचला, इंग्रजांच्या कैदेंत राहिला, आणि मनुष्याचें शरीर जेथें थांबतें म्हणतें तेथें तें खरोखर थांबत नाहीं, असा एक कठोर सिद्धांत घेऊन घरीं परतला. हाच सिद्धांत त्यानें गिरणीच्या मुलींवर लागू केला.

मुलींचा दिनक्रम असा होता. सकाळीं आठपासून दुपारीं सुमारें तीन-साडेतीनपर्यंत कचेरींतील काम. नंतर लागलीच व्यायामगृहांत जावयाचें तें मध्यरात्र होईपर्यंत, केव्हां केव्हां त्याहून उशिरापर्यंत. सुटी क्वचित. दाइमात्सु मधोमध उभा राहून चेंडूवर चेंडू फेंकी, आणि ते खेळाडूच्या हातांत नव्हे, तर हाताच्या टप्प्याच्या वीतभर पलीकडे. त्याच्या टोमण्यांची धार चेंडूहून अधिक लागे असें म्हणतात. ह्या सरावांतूनच त्या संघाची प्रख्यात विद्या जन्मली. जमिनीवर पडूं पाहणाऱ्या चेंडूमागें खेळाडूनें झेप घ्यावयाची, तो एका हातानें उचलावयाचा, आणि पडतां पडतां खांद्यावरून कोलांटी घेऊन त्याच वेगांत पुन्हां पायांवर उभें राहावयाचें. जपानांत तळाशीं जड असलेली एक बाहुली असते. ती कशीही आडवी पाडली तरी उठून बसते. तिच्यावरून दाइमात्सुला ही कल्पना सुचली. तिचा उपयोग उघड होता. युरोपी स्त्रिया उंच व बळकट. त्यांच्या स्मॅशपुढें उंची तोकडी पडणार. मग चेंडू जमिनीला लागूंच द्यावयाचा नाहीं, आणि झेप घेणारी मुलगी पुढच्या चेंडूसाठीं क्षणांत तयार असावयाची. कल्पना शिक्षकाची खरी, परंतु ती खांद्यांच्या काळ्यानिळ्या कातडीवर लिहिली गेली, आणि तीं कातडीं मुलींचीं होतीं.

कासाई १९५८ सालीं कप्तान झाली. कप्तानपद म्हणजे नाणेफेक करणें एवढाच अर्थ नव्हता. वसतिगृहांत कोण रडते आहे, कोणाला घरचें पत्र आलें आहे, कोणाचें बोट मोडलें असून ती तें लपविते आहे, हें सारें तिनें जाणावयाचें. आणि शिक्षकाचा राग पराकोटीस गेला कीं मध्यें उभें राहावयाचें तेंही तिनेंच. वयानें ती सर्वांत वडील. तिच्या हाताखालील साता इसोबे ही तोकियोच्या वेळीं एकोणीस वर्षांची होती व कासाई एकतीस. दोघींत एका तपाचें अंतर. जपानांत वयाला मान मोठा, आणि कासाईनें तो मान आज्ञा देण्यासाठीं थोडा व सर्वांआधीं मैदानांत उतरण्यासाठीं अधिक वापरला असें दिसतें.

दरम्यान नऊ जणींचा जुना खेळ सोडून जगमान्य सहा जणींचा खेळ आत्मसात करणें भाग पडलें. १९६० सालीं ब्राझिलांत जागतिक स्पर्धा झाल्या, आणि तेथें जपान प्रथमच उतरला. रौप्यपदक मिळालें, सुवर्ण सोव्हिएट संघास गेलें, जसें तें १९५२ व १९५६ सालींही गेलें होतें. पहिल्याच खेपेस दुसरा क्रमांक म्हणजे इतरांना आनंदाची गोष्ट. काइझुकाच्या मुलींना तें शल्य होऊन बसलें. १९६१ सालीं त्या युरोपच्या दौऱ्यावर गेल्या आणि वीसांहून अधिक सामने ओळीनें जिंकून आल्या. ह्या दौऱ्यांतच त्यांना 'पूर्वेकडील चेटकिणी' हें नांव पडलें. आपल्या कानांस हा शब्द कडू लागतो, आणि ज्या स्त्रीचें सामर्थ्य समजत नाहीं तिला चेटकीण म्हणून मोकळें होण्याची पुरुषांची खोड जुनी आहे. परंतु त्या मुलींनीं तें नांव पदकासारखें मिरविलें. १९६२ च्या ऑक्टोबरांत मॉस्को येथें, सोव्हिएट प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, त्यांनीं सोव्हिएट संघास हरविलें व जागतिक अजिंक्यपद घेतलें. स्त्रियांचें जागतिक अजिंक्यपद सोव्हिएट संघाच्या हातून निसटण्याची ही पहिलीच वेळ. देशांतर्गत सामन्यांचा हिशेब तर ह्याहूनही अद्भुत आहे : १९५९ पासून १९६६ पर्यंत निचिबो काइझुका हा संघ ओळीनें २५८ सामने जिंकला, आणि त्यांतील बहुतेक काळ कप्तान कासाईच होती.

येथें ह्या चरित्रांतील खरी अडचणीची जागा येते, आणि तिच्यावरून घाईनें पुढें जाणें योग्य नव्हे.

मॉस्कोहून परततांना ह्या मुलींनीं खेळ सोडण्याचें मनांत आणिलें होतें. कासाई एकोणतीस वर्षांची झाली होती. त्या काळच्या जपानांत मुलीची पंचविशी उलटली कीं सोयरिकी येणें बंद होई. आपल्याकडे ह्याहून निराळें होतें असें म्हणवत नाहीं. जग जिंकून झालें होतें. आतां संसार करावा ही इच्छा तिनें कधीं लपविली नाहीं. परंतु १९६४ च्या तोकियो ऑलिंपिकमध्यें व्हॉलीबॉलचा समावेश झाला, आणि स्त्रियांनाही त्यांत स्थान मिळालें. ऑलिंपिकच्या इतिहासांत स्त्रियांना मिळालेला हा पहिला सांघिक खेळ. हें कळतांच देशभरांतून पत्रांचा पाऊस पडला : खेळ सोडूं नका, आणखी दोन वर्षें थांबा. व्हॉलीबॉलच्या संघटनेची इच्छा तीच, वृत्तपत्रांची तीच. दाइमात्सु स्वतः निवृत्त होण्याच्या विचारांत होता. निर्णय त्यानें मुलींवर सोंपविला, आणि १९६३ च्या आरंभीं कासाई व तिच्या सोबतिणी पुन्हां व्यायामगृहांत उतरल्या.

हा निर्णय तिनें स्वेच्छेनें घेतला काय ? कागदोपत्रीं, होय. तिच्या गळ्याला दोरी नव्हती. तिच्या आजीच्या पिढींतील मुलींप्रमाणें बापानें उचल घेतलेली नव्हती. परंतु हजारों पत्रें हीही एक प्रकारची उचलच नव्हे काय ? कौतुकाच्या कर्जास व्याज जबर असतें. दुसऱ्या बाजूनें असेंही म्हणतां येईल कीं, ज्या स्त्रीला जन्मभर कोणी ना कोणी निर्णय सांगत आलें तिच्यापुढें प्रथमच एक मोठा निर्णय आला, आणि तिनें अवघड बाजू पत्करली. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असूं शकतात, असें प्रस्तुत लेखकास वाटतें. एवढें मात्र निश्चित कीं, पुढें जन्मभर तिनें त्या वर्षांबद्दल तक्रार केली नाहीं, आणि त्या वर्षांत आपलें तारुण्य वायां गेलें असें जे हळहळत त्यांच्याशीं ती सहमत झाली नाहीं. तें तारुण्य आपण आपल्याच पद्धतीनें जगलों असें ती मानी.

परदेशांतील पत्रकार काइझुकास येऊं लागले तेव्हां त्यांना हा सराव पाहवेना. मुलींना गुरासारखें राबविलें जातें असें कोणी लिहिलें. नोबुको शिबुया ह्या जपानी दिग्दर्शिकेनें ह्याच सरावावर एक लघुचित्रपट काढला, आणि १९६४ सालीं फ्रान्सांतील कान महोत्सवांत त्याला लघुपटांचें सर्वोच्च पारितोषिक मिळालें. ऑलिंपिकचा नियम त्या वेळीं असा कीं खेळासाठीं वेतन घेणारास प्रवेश नाहीं. म्हणून ह्या मुली कागदावर कारकून, वेतन कारकुनीचें, आणि रात्रीचे सात-आठ तास हौसेचे. कंपनीचें नांव जगभर झालें तें ह्या हौसेच्या तासांवर. आपल्या कारखान्यांच्या नगरांत राहणाऱ्या वाचकांस हा हिशेब फोड करून सांगण्याची गरज नाहीं.

तोकियोचें ऑलिंपिक १० ऑक्टोबर १९६४ रोजीं उघडलें. त्या क्रीडानगरींत आपल्या पुण्याचीही एक कन्या होती, तिचें स्मरण येथें न करणें कृतघ्नपणाचें होईल. स्टेफी डिसोझा हिनें १९५४ सालीं मनिला येथील आशियाई स्पर्धेंत ख्रिस्तीन ब्राउन, व्हायोलेट पीटर्स व मेरी लीला राव ह्यांच्यासह चारशें मीटर रिलेचें सुवर्णपदक आणिलें होतें; १९५८ सालीं ह्याच तोकियोंत २०० मीटर धांवण्याचें रौप्यपदक घेतलें होतें; हॉकींतही ती भारताकडून खेळली; आणि १९६३ चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला होता. तोकियोच्या ऑलिंपिकमध्यें स्त्रियांची ४०० मीटर शर्यत प्रथमच ठेवली गेली, आणि तींत ती धांवली. प्राथमिक फेरीपुढें तिला जातां आलें नाहीं. तिच्या पाठीशीं काइझुकासारखें व्यायामगृह नव्हतें. रात्रंदिवस शिकविणारा शिक्षकही नव्हता. हें गाऱ्हाणें नव्हे. दोन देशांनीं आपल्या मुलींच्या पायांत किती भांडवल घातलें त्याची ही केवळ तुलना आहे. जपाननें घातलेल्या भांडवलाची वसुली कशी केली तें वर सांगितलेंच.

स्त्रियांच्या व्हॉलीबॉलमध्यें सहा संघ होते : जपान, सोव्हिएट संघ, पोलंड, रुमानिया, अमेरिका आणि दक्षिण कोरिया. उत्तर कोरियानें ऐन वेळीं अंग काढून घेतल्यामुळें स्पर्धाच मोडते कीं काय अशी वेळ आली होती. दक्षिण कोरियाचा संघ आला म्हणून ती टळली. प्रत्येकानें प्रत्येकाशीं खेळावयाचें होतें. जपाननें पोलंडला एक डाव दिला, तेवढाच. शेवटचा सामना २३ ऑक्टोबरला सायंकाळीं कोमाझावा व्यायामगृहांत सोव्हिएट संघाशीं ठरला होता.

त्याच दिवशीं एक घटना आधींच घडून गेली होती. ज्यूदो हा जपानचा आपला खेळ. त्यांतील खुल्या गटाच्या अंतिम कुस्तींत आकिओ कामिनागा ह्या जपानी मल्लास हॉलंडच्या आंतोन खेसिंक ह्यानें चीत केलें. सारा देश खिन्न झाला. जें पुरुषांना घरच्या विद्येंत साधलें नाहीं तें आतां मुलींनीं परक्या खेळांत साधावें, अशी आशा त्या संध्याकाळीं सहा जणींच्या खांद्यांवर येऊन पडली : कासाई, एमिको मियामोतो, किनुको तानिदा, युरिको हांदा, योशिको मात्सुमुरा आणि साता इसोबे. ह्या सहाही काइझुकाच्या गिरणींतल्या.

पहिला डाव १५-११ असा जपानचा. दुसरा १५-८. तिसऱ्यांतही जपान पुढें गेला आणि चौदा गुणांवर येऊन थांबला. त्या काळचा नियम वाचकांनीं ध्यानांत घ्यावा : ज्या बाजूची सर्व्हिस असेल तिलाच गुण मिळे, दुसरी बाजू जिंकली तर तिला केवळ सर्व्हिस मिळे. त्यामुळें शेवटचा एक गुण कितीही वेळ लांबूं शके. आणि तो लांबला. चेंडू इकडून तिकडे जाई, सर्व्हिस हातून जाई, परत येई, आणि सोव्हिएट संघ एकेक गुणानें वर चढत तेरावर आला. निवेदक दर सर्व्हिसला 'सुवर्णपदकाचा गुण' असें म्हणे, आणि तो गुण कांहीं पडेना. अखेर सोव्हिएट खेळाडूचा हात जाळीवरून पलीकडे गेला. पंचानें शिटी फुंकली. एवढ्या प्रचंड तपश्चर्येचा शेवट एखाद्या दैदीप्यमान स्मॅशनें न होतां प्रतिपक्षाच्या एका चुकीनें झाला, हें कित्येकांस फिकें वाटेल. परंतु ज्यांनीं चेंडू जमिनीस लागूं न देण्याचा धडा गिरविला त्यांच्या विजयाला हाच शेवट शोभतो. प्रतिपक्षानें कंटाळून, थकून, चूक करीपर्यंत त्या उठत राहिल्या.

तोकियोच्या परिसरांत त्या रात्रीं हा सामना ६६.८ टक्के घरांतून दूरचित्रवाणीवर पाहिला गेला. मुली एकमेकींच्या गळ्यांत पडून रडत होत्या. दाइमात्सु बाजूला, एकटा, जणूं आतां काय करावें हें न सुचून उभा होता.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतां येते. त्या सुमारास पंतप्रधान झालेल्या एइसाकु सातो ह्यांच्या भेटीस गेली असतां, आपणांस आतां विवाह करावयाचा आहे पण वर पाहण्यास सवडच झाली नाहीं, असें कासाईनें मोकळेपणानें सांगितलें. सातो ह्यांनीं मनावर घेतलें, स्वसंरक्षण दलांतील काझुओ नाकामुरा ह्या अधिकाऱ्याशीं गांठ घालून दिली, आणि १९६५ सालीं विवाह झाला. राष्ट्राच्या पंतप्रधानानें सोयरीक जुळवावी ह्यांत गंमत आहे आणि किंचित् प्रायश्चित्तही आहे. ज्या राष्ट्रानें तिचीं लग्नाचीं वर्षें मागून घेतलीं त्याच्या मुख्यानें तीं अशा रीतीनें परत करूं पाहिलीं.

दाइमात्सुचें नांव मात्र तिच्या नांवाहून मोठें झालें. त्यानें पुस्तकें लिहिलीं, तीं खपलीं. १९६५ सालीं चौ एन-लाय ह्यांच्या निमंत्रणावरून तो चीनमध्यें स्त्रियांना शिकविण्यास गेला. १९६८ सालीं जपानच्या वरिष्ठ सभागृहांत निवडून आला. १९७८ सालीं वारला. चिनी स्त्रियांनीं १९८४ च्या ऑलिंपिकमध्यें सुवर्णपदक जिंकलें तेव्हां त्याच्या शिकवणीची आठवण पुष्कळांनीं काढली. त्याच्या पद्धतीचे गोडवे गाणारे शिक्षक पुढें प्रत्येक शाळेंत निघाले, आणि शिव्या व मार ह्यांना सराव म्हणण्याची रूढि जपानांत पडली. ह्या रूढीला प्रतिकार झाला तोही स्त्रियांकडूनच. २०१३ च्या आरंभीं हें उघड झालें कीं ज्यूदोच्या राष्ट्रीय संघांतील पंधरा स्त्रियांनीं आपल्या शिक्षकाच्या मारहाणीविरुद्ध ऑलिंपिक समितीकडे तक्रार केली आहे. शिक्षकास पद सोडावें लागलें. कोफुच्या देवळांत जाऊन बसलेल्या मुलींची ही नातवंडें-पतवंडें म्हणावयास हरकत नाहीं. विजयाचें श्रेय वांटतांना शिक्षकाला झुकतें माप देण्याची जी चाल पडली आहे ती ह्या लेखकास मान्य नाहीं. त्याच पद्धतीनें शिकविणारे शेंकडों निघाले. २५८ सामने त्यांच्यापैकीं एकाच्याही संघानें जिंकले नाहींत. म्हणजे पद्धतीपलीकडचें कांहींतरी त्या मुलींत व त्यांच्या कप्तानींत होतें.

आपल्या देशांतही पुढें ह्या खेळांत स्त्रियांनीं नांव काढलें. जी. मालिनी रेड्डी हिला १९७३ चा, केरळच्या के. सी. एलम्मा हिला १९७५ चा व सॅली जोसेफ हिला १९८४ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रांतील मुली शाळा-महाविद्यालयांतून, पोलिसांतून व रेल्वेंतून हा खेळ खेळत आल्या आहेत. परंतु कारखान्यानें आपल्या कामकरी स्त्रियांचा संघ काढून तो जगापुढें उभा करावा, असें आपल्या औद्योगिक पट्ट्यांत घडलेलें नाहीं. तें घडावें कीं न घडावें, आणि घडल्यास कोणत्या अटींवर, ह्याचा विचार आपल्या मुलींनींच करावा हें बरें.

निचिबो कंपनी १९६९ सालीं दुसऱ्या कंपनींत विलीन होऊन युनिटिका झाली. तिचा संघ २००० सालीं तोरे ह्या कंपनीकडे गेला. कासाई, आतां श्रीमती मासाए नाकामुरा, हिनें आपलें पदक कपाटांत ठेवून दिलें नाहीं. होलिओक येथील व्हॉलीबॉलच्या कीर्तिमंदिरांत २००८ सालीं तिचें नांव कोरलें गेलें, परंतु तिचा बहुतेक काळ त्याहून साध्या जागीं गेला. तोकियोच्या विजयानंतर जपानांत घरसंसार करणाऱ्या बायकांमध्यें व्हॉलीबॉलचें वेड पसरलें; गल्लोगल्लीं आयांचे संघ निघाले. ह्या खेळाला तिकडे आयांचा व्हॉलीबॉल असेंच म्हणतात. मुलें शाळेंत गेलीं, धुणें वाळत पडलें, कीं शाळेच्या रिकाम्या व्यायामगृहांत ह्या बाया जमत, आणि त्यांना शिकविण्यास जगज्जेत्या संघाची ही कप्तान जाई. तेथें मध्यरात्रीपर्यंत कोणी थांबत नसे. मुलांची शाळा सुटण्याची वेळ झाली कीं जाळी उतरविली जाई. ३ ऑक्टोबर २०१३ रोजीं, वयाच्या एक्यायशींव्या वर्षीं, तोकियो येथें तिचें देहावसान झालें.